यंत्र इमारतीत आहे, पण कोणत्या खोलीत?

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून आहे. ब्रिटिश काळात तो मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता आणि मराठी बोलणारी कुटुंबे आजही तेथे आहेत. या जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,२२९ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ अडीचपट. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या १७ लाखांवर होती, तर गोव्याची १४ लाख ५८ हजार. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. बैहर, परसवाडा, बिरसा, लांजी या भागांतील गंभीर रुग्णाचा मोठा आधार म्हणजे बालाघाट शहरातील जिल्हा रुग्णालय. तेथे उपाय चालला नाही, तर पुढची वाट गोंदिया, नागपूर किंवा जबलपूरची.

अशा ठिकाणी 'यंत्र आहे, पण सापडत नाही' या वाक्याचा अर्थ महानगरातल्यापेक्षा वेगळा होतो. मुंबईत किंवा पुण्यात एका रुग्णालयातला व्हेंटिलेटर मिळाला नाही, तर थोड्याच अंतरावर दुसरे रुग्णालय असते. बालाघाटसारख्या जिल्ह्यात मात्र औषध सोडणारा इन्फ्युजन पंप, हलवता येणारे ईसीजी यंत्र किंवा भरलेला ऑक्सिजन सिलिंडर शोधण्यात गेलेला वेळ थेट रुग्णाच्या वाट्यातून वजा होतो. म्हणूनच रुग्णालयाच्या आत वस्तूंचा आणि माणसांचा ठावठिकाणा सांगणारे बिनतारी तंत्रज्ञान केवळ बड्या खासगी रुग्णालयांच्या हौसेचा विषय राहत नाही. प्रश्न एवढाच, की अनेक पर्यायांपैकी जिल्हा रुग्णालयाने कोणता निवडावा?

आधी मोजणी, मग माग

सरकारी रुग्णालयांत किती यंत्रे आहेत, याचा देशपातळीवरचा हिशेब फार जुना नाही. केंद्र सरकारने वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम २०१५ मध्ये हाती घेतला. त्यासाठी केलेल्या नोंदणीत २९,११५ आरोग्यसंस्थांत ७ लाख ५६ हजार ७५० उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. राज्यागणिक १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद अवस्थेत होती.

बंद पडणे आणि हरवणे या दोन गोष्टी वरवर वेगळ्या वाटतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींना पोसतात. बिघडलेले यंत्र कोपऱ्यात सरकवले जाते, त्यावर चादर पडते आणि दुरुस्तीचा माणूस आला की ते त्याला दाखवायचेच राहून जाते. उलट चालू यंत्र गरजेच्या वेळी मिळणार नाही, या भीतीने एखादा वॉर्ड ते आपल्याच कपाटात ठेवून देतो. मग कागदावर दहा पंप असतात, हाताशी चारच येतात आणि अकराव्याची मागणी वर पाठवली जाते. माग काढणाऱ्या यंत्रणेचा खरा उपयोग येथे आहे. शोधाशोध वाचतेच, शिवाय नवी खरेदी खरोखर आवश्यक आहे का, हेही कळते.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

बालाघाट शहराजवळच भरवेलीची मँगनीज खाण आहे. आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत तिची गणना होते. भूमिगत खाणींत कामगारांची नोंद ठेवण्याची एक जुनी, साधी रीत आहे. खाली उतरताना कामगाराच्या नावाचे किंवा क्रमांकाचे टोकन नोंदवायचे आणि वर आल्यावर ते जागेवर परत लावायचे. हे टोकन कामगार कोणत्या बोगद्यात आहे ते सांगत नाही. 'खाली कोण राहिले?' एवढ्या एकाच प्रश्नाचे ते उत्तर देते, पण ते नेमके देते.

रुग्णालयानेही आधी प्रश्नच ठरवायला हवा. वस्तू किंवा व्यक्ती अमुक दारातून बाहेर गेली का, हा पहिला प्रश्न. ती कोणत्या खोलीत आहे, हा दुसरा. खोलीतही नेमकी कोणत्या खाटेपाशी आहे, हा तिसरा. पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाताना खर्च चढत जातो. विक्रेता बहुधा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विकायला आलेला असतो, तर जिल्हा रुग्णालयाची अडचण बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांतच संपते.

मोबाइलमधील जीपीएस येथे उपयोगी पडत नाही. त्याचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचे संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत इतके क्षीण होतात, की काँक्रीटच्या स्लॅबखाली ते विश्वासाने पकडता येत नाहीत. शिवाय इमारतीत पत्ता सांगायचा म्हणजे मजलाही सांगावा लागतो. त्यामुळे घराबाहेर जीपीएस करतो ते काम घराच्या आत इतर लहरींना वाटून द्यावे लागते.

फास्टॅगचे भावंड

यांतला सर्वांत स्वस्त पर्याय गाडीच्या काचेवर रोज दिसतो. टोलनाक्यावर चालणारा फास्टॅग म्हणजे बॅटरी नसलेला, 'पॅसिव्ह' आरएफआयडी टॅग. नाक्यावरचा रीडर लहरी सोडतो, त्याच लहरींच्या ऊर्जेवर टॅगमधील चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. टॅगची किंमत काही रुपयांत असते, त्याला सेल लागत नाही आणि तो वर्षानुवर्षे टिकतो.

पण हा टॅग आपणहून बोलत नाही. काही मीटरच्या टप्प्यातल्या रीडरने हाक मारली तरच उत्तर देतो. म्हणून 'यंत्र आत्ता कुठे आहे?' यापेक्षा 'ते शेवटचे कोणत्या दारातून गेले?' हे तो चांगले सांगतो. चादरी, व्हीलचेअर, स्ट्रेचर आणि स्टोअरमधील साहित्य यांच्यासाठी तो पुरेसा आहे. धातू आणि पाणी मात्र त्याचे वैरी. पोलादी सिलिंडरवर साधा टॅग चिकटवला, तर तो मुका होतो. तेथे धातूवर चालणारा खास टॅग लागतो आणि त्याची किंमत अधिक असते.

आणखी एका धोक्याकडे डोळेझाक करता येत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी अतिदक्षता विभागातील ४१ उपकरणांजवळ आरएफआयडी यंत्रणा चालवून पाहिली. त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १२३ चाचण्यांत ३४ वेळा उपकरणांच्या कामात व्यत्यय आला आणि त्यांतील २२ प्रसंग रुग्णाला धोकादायक ठरू शकतील असे होते. व्यत्यय आला ते अंतर बहुधा हातभराचे होते. या चाचण्या रुग्ण जोडलेला नसताना झाल्या होत्या आणि त्यानंतर उपकरणे व रीडर दोन्ही बदलले आहेत. तरीही धडा कायम आहे. जोरदार लहरी सोडणारा रीडर दाराच्या चौकटीवर बसवावा, व्हेंटिलेटरच्या उशाशी नको. आणि बसवण्यापूर्वी त्या रुग्णालयातील उपकरणांजवळच त्याची चाचणी घ्यावी.

याच कुळातील एनएफसी हे मेट्रोच्या कार्डासारखे, काही सेंटिमीटरवर चालणारे तंत्र आहे. ते माग काढत नाही, ओळख पटवते. रक्ताची पिशवी आणि रुग्णाच्या मनगटावरची पट्टी जुळते का, हे पाहण्यासाठी हा छोटा टप्पाच त्याचा गुण ठरतो. साधा क्यूआर कोडही हे काम करतो, मात्र तो कोणीतरी प्रत्येक वेळी आठवणीने स्कॅन करावा लागतो.

वाय-फाय आणि ब्लूटूथ

'तुमच्याकडे वाय-फाय आहेच, त्यावरच टॅग चालवा,' हा युक्तिवाद आकर्षक असतो. टॅगचा संकेत तीन-चार ठिकाणच्या वाय-फाय केंद्रांना किती जोरात ऐकू येतो, त्यावरून जागेचा अंदाज बांधला जातो. पण ही केंद्रे इंटरनेट पुरवण्यासाठी बसवलेली असतात, जागा मोजण्यासाठी नव्हे. एकाच लांब व्हरांड्यात ती ओळीने असली, तर यंत्र व्हरांड्याच्या डाव्या खोलीत आहे की उजव्या, हे सांगता येत नाही. चूक काही मीटरची, कधी दहा मीटरपर्यंतचीही असते. टॅगची बॅटरीही तुलनेने लवकर संपते. ज्या रुग्णालयात आधीपासून दाट वाय-फाय नाही, तेथे तर 'आहे त्यावरच' हा फायदाच उरत नाही.

कमी ऊर्जेवर चालणाऱ्या ब्लूटूथने, म्हणजे बीएलईने, गेल्या दशकात या क्षेत्राचे अर्थकारण बदलले. बटणाएवढा टॅग दर काही सेकंदांनी 'मी अमुक' एवढेच पुटपुटतो. नाण्याएवढ्या सेलवर तो वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालतो. ऐकणारी केंद्रे लहान व स्वस्त असतात आणि साध्या प्लगमध्ये बसतात. अंदाज सर्वसाधारणपणे काही मीटरपर्यंत येतो. लहर कोणत्या दिशेने आली हे मोजण्याची सोय ब्लूटूथच्या ५.१ आवृत्तीत २०१९ मध्ये आली. त्यामुळे अचूकता वाढते, पण अँटेना महाग होतात.

ब्लूटूथची मर्यादा समजून घ्यायला २०२० चे 'आरोग्य सेतू' आठवावे. दोन फोन एकमेकांजवळ आहेत का, हे ते ब्लूटूथच्या संकेतावरून ताडत असे. पण संकेत पातळ भिंतीतून आरपार जातो आणि मधे माणूस उभा राहिला तर मंदावतो, कारण शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. रुग्णालयात याचा परिणाम असा, की पंप पुरुष वॉर्डात असताना पडद्यावर तो भिंतीपलीकडच्या स्त्री वॉर्डात दिसू शकतो. शोधणाऱ्या परिचारिकेला ही चूक चालते, ती दोन खोल्या पाहील. पण मदतीची हाक कोणत्या खोलीतून आली हे ठरवायचे असेल, तर एका भिंतीची चूकही मोठी असते.

भिंत ओळखणाऱ्या लहरी

खोली नक्की सांगायची असेल, तर भिंत न ओलांडणारी लहर हवी. टीव्हीच्या रिमोटमधला अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश तसा आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास 'अॅक्टिव्ह बॅज' नावाचा बिल्ला तयार झाला. तो दर १५ सेकंदांनी अवरक्त प्रकाशात आपला क्रमांक सोडत असे आणि कोण कोणत्या खोलीत आहे, ते त्यावरून कळत असे. घराच्या आत माणसांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या आजच्या यंत्रणांचा तो पूर्वज. कानाला ऐकू न येणारा अल्ट्रासाउंड ध्वनीही खोलीतच अडतो.

अवरक्त प्रकाशाला मोकळी वाट मात्र लागते. बिल्ला पदराखाली किंवा ब्लँकेटखाली गेला की संपर्क तुटतो, खिडकीतले कडक ऊनही त्रास देते. शिवाय प्रत्येक खोलीत स्वतंत्र केंद्र बसवावे लागते. म्हणून अनेक ठिकाणी दोन्हींची जोड दिली जाते. खोली अवरक्त प्रकाशाने ठरवायची आणि निरोप ब्लूटूथने पोहोचवायचा.

अचूकतेत सर्वांच्या पुढे आहे ते अल्ट्रा वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी. संकेत किती जोरात आला यापेक्षा तो पोहोचायला किती वेळ लागला, हे ते मोजते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे वेळ इतक्या बारकाईने मोजता आली, की जागा वीतभराच्या फरकाने सांगता येते. महागड्या मोबाइलमध्ये हे तंत्र २०१९ पासून आले आहे. कोणत्या खाटेपाशी कोणता पंप आहे, हे त्याला कळते. पण त्यासाठी प्रत्येक विभागात अनेक केंद्रे नेमक्या मापाने बसवावी लागतात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. शस्त्रक्रियागृहांची रांग असलेल्या मोठ्या संस्थेला ते परवडेल. पंप वॉर्डाच्या कपाटात आहे एवढे कळले तरी काम भागणाऱ्या रुग्णालयाला ती अचूकता केवळ पडद्यावर शोभेल.

माणसांचा माग

वस्तूंच्या बाबतीत हिशेब खर्चाचा आणि सोयीचा असतो. माणसांचा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो सर्व माणसांसाठी सारखाही नाही.

नवजात बाळाचे उदाहरण घ्या. जून २०२१ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातून एक महिन्याचे बाळ पळवले गेले होते. पोलिसांनी ते लवकरच शोधून काढले, म्हणून अनर्थ टळला. रुग्णालयातून नवजात बाळाची चोरी झाली, तर पहिले पाऊल म्हणून त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटले. बाळाच्या पायाला टॅग आणि प्रसूती विभागाच्या दारावर रीडर एवढी व्यवस्था पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. बाळ परवानगीशिवाय दाराजवळ आले की घंटा वाजते. बाळ विभागात कोठे आहे, याचा क्षणोक्षणीचा नकाशा त्यासाठी लागत नाही.

दुसरे उदाहरण डॉक्टर आणि परिचारिकांच्या सुरक्षिततेचे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये निवासी डॉक्टरवर झालेल्या अत्याचारानंतर हा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. दाबल्यावर मदत मागणारे बटण असलेला बिल्ला येथे उपयोगी आहे. पण तो खोली नक्की सांगणारा हवा. आणि बटण दाबल्याशिवाय त्याने काहीही सांगू नये, असे त्याचे नियोजन करता येते.

हा शेवटचा मुद्दा गौण नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली, तेव्हा हजेरीची शिस्त की पाळत, असा वाद उभा राहिला होता. रुग्णालयात परिचारिका चहाला किती मिनिटे गेली, याची नोंद त्याच बिल्ल्यातून निघू लागली, तर बिल्ला कपाटात राहील आणि संकटाच्या वेळी उपयोगी पडणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. माहिती कशासाठी घेतली, कोण पाहणार आणि किती दिवसांनी पुसणार, हे यंत्रणा बसवण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे.

जिल्हा रुग्णालयाचा हिशेब

या सगळ्यातून बालाघाटसारख्या रुग्णालयासाठी एक क्रम सुचतो. प्रत्येक यंत्राला क्रमांक आणि क्यूआर कोड, ही पहिली पायरी. त्यात लहरी नाहीत आणि खर्चही जवळजवळ नाही, पण तिच्याशिवाय पुढचे काहीच उभे राहत नाही. दुसरी पायरी दारांची. मुख्य प्रवेशद्वार, स्टोअर आणि प्रसूती विभाग येथे रीडर बसवावेत. तिसरी पायरी ब्लूटूथची, तीही सर्व वस्तूंना नव्हे. वारंवार हलणाऱ्या आणि जिवावर बेतू शकणाऱ्या मोजक्या यंत्रांनाच ती द्यावी. भिंत ओळखणाऱ्या लहरी मदतीच्या बटणापुरत्या राखून ठेवाव्यात.

या क्रमात विसरली जाणारी बाब सेलची. ३०० टॅग लावले आणि प्रत्येकाचा सेल दोन वर्षे टिकला, तर सरासरीने दरमहा १२-१३ सेल बदलावे लागतात. ते काम कोणाचे, हे नेमून दिले नाही, तर दोन वर्षांनी पडद्यावर रिकामा नकाशा उरतो. वीज गेल्यावर केंद्रे किती वेळ चालतील, हेही आधीच विचारून घ्यावे लागते.

तंत्राची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. बालाघाटातून वाहणारी वैनगंगा पुढे भंडारा जिल्ह्यात जाते. त्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागली. कक्षातील १७ बाळांपैकी ७ वाचली, १० दगावली. ती बाळे कोठे आहेत, हे कोणाला शोधावे लागले नव्हते. माग काढणारी यंत्रणा धूर ओळखत नाही, जुनी वायरिंग बदलत नाही आणि रात्रपाळीतल्या माणसांची संख्या वाढवत नाही. त्या गोष्टींचा पैसा काढून तिच्यावर घालणे म्हणजे चुकीच्या जागी काटकसर करणे होय.

निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याने म्हणूनच विक्रेत्याकडे अचूकतेचे सेंटिमीटर मागण्याआधी स्वतःच्या रुग्णालयातील चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. कोणते यंत्र सर्वांत जास्त शोधावे लागते, ते कोणत्या दारातून ये-जा करते, चुकीची खोली दिसली तर काय बिघडेल आणि रात्री दोन वाजता घंटा वाजली तर कोण धावेल. मग एकाच वॉर्डात महिनाभर चाचणी घ्यावी आणि ती पाहण्याचे काम त्या वॉर्डातील परिचारिकांकडे द्यावे. यंत्र कुठे जाते आणि का जाते, हे त्यांना आजही कोणत्याही लहरीपेक्षा अधिक ठाऊक असते.